पत्रातले वचन : मिट रॉम्नी आणि समलिंगी नोकरदारांचा कायदा

राजकारणातल्या माणसाने मत बदलले की आपल्याकडे त्याचा निकाल दोन शब्दांत लागतो. बदल आपल्या बाजूला झाला असेल तर ‘शहाणपण सुचले’, विरुद्ध बाजूला झाला असेल तर ‘टोपी फिरवली’. या निकालाला पुरावा लागत नाही, म्हणून तो सोपा. अमेरिकेतील एका बड्या पुढाऱ्याच्या मतांतराची हकीकत आम्ही येथे जरा पुरावा पुढे ठेवून तपासणार आहोत. पुढारी म्हणजे मिट रॉम्नी. प्रश्न असा की, केवळ समलिंगी आहे एवढ्या कारणावरून कोणा स्त्रीला वा पुरुषाला नोकरीतून काढता येऊ नये, असा कायदा साऱ्या देशासाठी करावा की नाही.

प्रथम कायद्याची पार्श्वभूमी पाहू. अमेरिकेत खासगी नोकरीचा सर्वसाधारण दंडक असा आहे की, करार आड येत नसेल तर मालकाने नोकराला वाटेल त्या कारणासाठी, किंवा काहीच कारण न सांगता, घरी पाठवावे. कारखान्यातल्या कायम कामगाराला काढताना कारण दाखवावे लागते, चौकशी करावी लागते, या गोष्टीची ज्यांना सवय आहे त्यांना हे ऐकून नवल वाटेल. पण तेथे ते नित्याचे आहे. या दंडकाला अपवाद करायचा तर कायद्यानेच तसे सांगावे लागते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाने अशी पाच कारणे निषिद्ध ठरवली : वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ राष्ट्र. यांतला ‘लिंग’ हा शब्द मूळ मसुद्यात नव्हता. व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ यांनी दुरुस्ती सुचवून तो घातला, आणि हे गृहस्थ तर त्या विधेयकाचे कट्टर विरोधक! त्यांच्या मनात नेमके काय होते यावर इतिहासकारांचे अजून एकमत नाही. वाचकांनी हा शब्द लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

समलिंगी माणसे त्या पाचांत नव्हती. म्हणजे एखादा हिशेबनीस वीस वर्षे चोख काम करीत आहे, आणि तो दुसऱ्या एका पुरुषाबरोबर संसार करतो हे मालकाला कळले, तर दुसऱ्या दिवशी त्याचा हिशेब चुकता करण्यास देशाच्या कायद्याची आडकाठी नव्हती. काही राज्यांनी मात्र स्वतःपुरती सोय केली. विस्कॉन्सिनने १९८२ साली पहिला कायदा केला, त्यामागून १९८९ साली मॅसॅच्युसेट्सने. देशव्यापी विधेयक १९९४ च्या उन्हाळ्यात काँग्रेसपुढे आले. नेमणूक, बढती, पगार आणि बडतर्फी यांत लैंगिक कलावरून पक्षपात करू नये, एवढेच ते म्हणत होते. राखीव जागांची त्यात सोय नव्हती. लहान धंदे आणि धार्मिक संस्था त्यातून वगळल्या होत्या. सेनेटमध्ये ते मांडण्यात पुढाकार होता मॅसॅच्युसेट्सचे एडवर्ड केनेडी यांचा.

आणि त्याच वर्षी केनेडींच्या विरुद्ध निवडणुकीला उभे होते मिट रॉम्नी. सत्तेचाळीस वर्षांचे, धंद्यात नाव आणि पैसा मिळवलेले, मॉर्मन पंथाचे, रिपब्लिकन पक्षाचे. त्यांनी ६ ऑक्टोबर १९९४ रोजी आपल्याच पक्षातील समलिंगी सभासदांच्या मंडळाला, लॉग कॅबिन क्लबला, एक पत्र लिहिले. या विधेयकाचे आपण सहपुरस्कर्ते होऊ, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. शक्य झाल्यास ते आणखी रुंद करून घरभाडे आणि कर्ज या बाबीही त्यात आणू, असेही आहे. समलिंगी नागरिकांना पुरी समता मिळवून देण्याच्या कामी आपण आपल्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरू, असा त्या पत्राचा दावा होता. प्रतिस्पर्धी म्हणजे खुद्द विधेयकाचे जनक! या धाडसाचे आम्हाला कौतुक वाटते. पत्र सभ्य आहे, मोघम नाही, आणि त्यात माघार घेण्यासाठी दार किलकिले ठेवलेले नाही. निवडणुकीत केनेडी सुमारे अठ्ठावन्न टक्के मते मिळवून जिंकले आणि पत्र कपाटात गेले.

विधेयकाचे पुढे काय झाले ते मध्येच सांगून टाकतो. १० सप्टेंबर १९९६ रोजी सेनेटमध्ये त्यावर मतदान झाले. बाजूने ४९, विरुद्ध ५०. आर्कान्सॉचे डेव्हिड प्रायर हे बाजूचे सभासद मुलाच्या आजारपणामुळे हजर नव्हते. ते असते तर समसमान मते पडून निर्णय उपाध्यक्ष अल् गोर यांच्या हाती गेला असता. खालच्या गृहात ते बहुधा अडलेच असते, हे खरे. पण एका मताने हुकलेला कायदा आणि चाळीस मतांनी पडलेला कायदा यांत फरक असतो. त्यानंतर अकरा वर्षे तो कोणत्याही सभागृहात मंजूर झाला नाही.

रॉम्नी २००३ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर झाले. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क आहे असा निकाल दिला, आणि १७ मे २००४ पासून तेथे असे विवाह लागू लागले. अमेरिकेत ही पहिलीच वेळ. रॉम्नींनी याला कसून विरोध केला. येथे त्यांच्यावर मतांतराचा आरोप करणे अन्यायाचे होईल, कारण विवाहाला त्यांनी पूर्वीही संमती दिली नव्हती. नोकरी आणि विवाह हे दोन प्रश्न आहेत. एकाला होकार देणाऱ्याने दुसऱ्यालाही दिलाच पाहिजे असे नाही. जून २००४ मध्ये ते वॉशिंग्टनला सेनेटच्या समितीपुढे गेले आणि विवाह म्हणजे एक स्त्री व एक पुरुष यांचाच, अशी देशाच्या घटनेत दुरुस्ती व्हावी, अशी साक्ष त्यांनी दिली. माणसे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात, त्यांचा विवाह सीमेवर बदलून कसा चालेल, म्हणून नियम देशभर एकच हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. युक्तिवाद वजनदार आहे. तोही लक्षात ठेवावा.

मग २००८ ची अध्यक्षीय निवडणूक जवळ येऊ लागली. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवाराला आधी स्वतःच्या पक्षातील मतदारांची निवडणूक जिंकावी लागते, आणि तिची सुरुवात होते आयोवा या शेतीप्रधान राज्यात. तेथील रिपब्लिकन मतदारांत धर्मनिष्ठ प्रॉटेस्टंटांचा भरणा मोठा. बॉस्टनमधले मतदार आणि हे मतदार यांत अंतर किती, हे ज्याने मुंबईत एक भाषण आणि आडगावी दुसरे भाषण करणारा उमेदवार पाहिला आहे त्याला सांगायला नको. एका बाजूला हे मतदार, दुसऱ्या बाजूला १९९४ चे पत्र. डिसेंबर २००६ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ या परंपरावादी नियतकालिकाने रॉम्नींना त्या पत्राबद्दल विचारले. ते म्हणाले, नव्या किंवा खास कायद्याची गरज आपल्याला दिसत नाही. गव्हर्नर म्हणून आलेल्या अनुभवाने आपली खात्री झाली आहे की हे विधेयक फार मोघम आणि रुंद आहे, त्याने दाव्यांचा पूर येईल आणि मालकवर्ग न्यायाधीशांच्या हातून नाहक भरडला जाईल.

बरोबर एक वर्षाने, डिसेंबर २००७ मध्ये, टिम रसर्ट यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत तोच प्रश्न घातला. मधल्या काळात, ७ नोव्हेंबर २००७ रोजी, प्रतिनिधिगृहाने २३५ विरुद्ध १८४ मतांनी विधेयक मंजूरही केले होते. या वेळी रॉम्नींनी मतबदल उघड मान्य केला. पण कारण निराळे दिले. असा कायदा राज्याने करणे योग्य, मध्यवर्ती सरकारने करू नये, असे आपल्याला आता वाटते, असे ते म्हणाले.

आमच्या मते साऱ्या प्रकरणाची गाठ या दोन उत्तरांत आहे. मत बदलले ही बाब आम्ही बाजूला ठेवतो. कारणे मात्र तपासली पाहिजेत. पहिले कारण खरे असेल, म्हणजे अशा कायद्याने दाव्यांचा पूर येत असेल, तर तो कायदा राज्यातही वाईटच. मग राज्याने तो करणे योग्य असे वर्षभरात कसे म्हणता येईल? शिवाय ज्या राज्याच्या कारभाराचा अनुभव ते पुढे करीत होते, त्या मॅसॅच्युसेट्समध्ये हा कायदा १९८९ पासून अमलात होता. गव्हर्नरपदाच्या चार वर्षांत त्यांनी तो रद्द करण्याचा घाट घातला नाही. पुराने दार ठोठावले असते तर घरमालक स्वस्थ बसला नसता.

दुसरे कारण अधिक भारदस्त आहे, आणि त्याला हसून उडवून लावणे बरोबर नाही. राज्ये आणि मध्यवर्ती सरकार यांच्या अधिकारांची वाटणी हा अमेरिकेच्या घटनेचा कणाच आहे. आपल्या घटनेने कामगारांचे विषय समवर्ती सूचीत घालून दोघांनाही अधिकार दिला. अमेरिकेत अशी सूची नाही, म्हणून वाद पिढ्यान् पिढ्या चालतो. पण हे तत्त्व धरायचे तर सगळीकडे धरावे लागते. विवाहाच्या बाबतीत रॉम्नी देशाची घटना बदलून सर्व राज्यांना एकच नियम लावायला निघाले होते, कारण माणसे राज्याराज्यांतून फिरतात. नोकरी शोधणारा माणूस तर त्याहून अधिक फिरतो. बॉस्टनमध्ये सुरक्षित असलेला कारकून बदली होऊन जॉर्जियात गेला की त्याचे संरक्षण वेशीवरच गळून पडे. विवाहाला देश आणि नोकरीला राज्य, या वाटणीला आम्हाला तरी एकच सूत्र सापडते : दोन्ही उत्तरे आयोवात रुचणारी होती. आयोवा मात्र त्यांना मिळाले नाही. जानेवारी २००८ मध्ये तेथे माइक हकबी जिंकले आणि पुढे उमेदवारी जॉन मॅकेन यांच्याकडे गेली.

रॉम्नी मनाने दुष्ट होते असे यावरून कोणी समजू नये. त्यांनी स्वतः समलिंगी माणसांना जबाबदारीच्या जागा दिल्या होत्या. २०१२ साली जानेवारीतील एका वादसभेत त्यांनी हे सांगितले, आणि आपण कोणाशी भेदभाव करणारे नाही असे ठामपणे म्हटले. ते खरे मानायला आमची हरकत नाही. परंतु येथे एक गोंधळ होतो आणि तो आपल्याकडेही नेहमी होतो. भल्या मालकाच्या नोकराला कायद्याची गरज कधीच नसते. कायदा लागतो तो दुसऱ्या मालकाच्या नोकराला, आणि त्या नोकराला रॉम्नींच्या सौजन्याचा काय उपयोग?

मतांतर म्हणजे लबाडीच, असा समज होऊ नये म्हणून दुसऱ्या एका रिपब्लिकन पुढाऱ्याकडे वळतो. योगायोग असा की त्याचा आणि रॉम्नी घराण्याचा जुना संबंध आहे. मिट यांचे वडील जॉर्ज रॉम्नी मिशिगनचे गव्हर्नर होते आणि निग्रो नागरिकांच्या हक्कांचे, त्या काळी त्यांना असेच म्हणत, खंदे पुरस्कर्ते होते. १९६४ साली त्यांच्या पक्षाने अध्यक्षपदासाठी ॲरिझोनाचे बॅरी गोल्डवॉटर यांना उभे केले. गोल्डवॉटर यांनी त्याच वर्षी नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिले होते. त्यांचा आक्षेप प्रामुख्याने दोन प्रकरणांना होता, आणि त्यांतले एक होते वर सांगितलेले सातवे. खासगी मालकाने कोणाला नोकरीवर ठेवावे हे सरकारने सांगू नये, असे त्यांचे म्हणणे. जॉर्ज रॉम्नींनी पक्षाच्या या उमेदवाराला पाठिंबा देण्याचे नाकारले.

तेच गोल्डवॉटर तीस वर्षांनी, १९९४ साली, पंच्याऐंशी वर्षांचे असताना, समलिंगी नोकरदारांच्या विधेयकाच्या प्रचारात उतरले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये त्यांनी त्याच्या बाजूने लेख लिहिला. म्हणजे ज्या सातव्या प्रकरणाला त्यांनी १९६४ साली विरोध केला, त्याच तत्त्वाचा विस्तार ते आता मागत होते. त्यांचा एक नातू समलिंगी होता आणि त्याचा परिणाम झाला असेल असे काही जण म्हणतात. असेल, घरातल्या माणसाकडे पाहून डोळे उघडणे यात कमीपणा कोणता? तेव्हा ते सेनेटमधून निवृत्त होऊन सात वर्षे झाली होती. मिळवायचे काही उरले नव्हते. उलट स्वतःच्या ॲरिझोनातल्या जुन्या भक्तांचा रोषच त्यांनी ओढवून घेतला. रॉम्नींचे पत्र आणि गोल्डवॉटर यांचा लेख यांत तीन महिन्यांचेही अंतर नाही. एकाने मते मागताना वचन दिले, दुसऱ्याने मते मागणे संपल्यावर. सेनेटमधील गोल्डवॉटर यांच्या जागी आलेले मॅकेन यांनी १९९६ साली विधेयकाविरुद्ध मत दिले आणि ७ नोव्हेंबर २०१३ रोजी, सेनेटने ६४ विरुद्ध ३२ मतांनी ते मंजूर केले तेव्हा, बाजूने दिले. युटाचे वयोवृद्ध मॉर्मन सेनेटर ऑरिन हॅच यांनीही तसेच केले. प्रतिनिधिगृहाने मात्र त्या वर्षीचे विधेयक चर्चेलाच घेतले नाही.

या साऱ्या काळात नोकऱ्या जात होत्या. जॉर्जिया राज्यातील क्लेटन काउंटीत अनाथ व पीडित मुलांच्या कामाची व्यवस्था पाहणारा एक कर्मचारी २०१३ साली समलिंगी खेळाडूंच्या सॉफ्टबॉल संघात दाखल झाला आणि थोड्याच दिवसांत त्याची नोकरी गेली. न्यूयॉर्ककडील विमानातून हवाई उड्या मारायला शिकवणारा एक शिक्षक समलिंगी असल्याचे एका गिऱ्हाइकाला सांगितल्यावर बडतर्फ झाला. मिशिगनमध्ये अंत्यविधीच्या संस्थेत काम करणारी एक व्यक्ती आपण यापुढे स्त्री म्हणून वावरणार असे मालकाला कळवताच घरी बसली. हे तिन्ही खटले एकत्र करून सर्वोच्च न्यायालयाने १५ जून २०२० रोजी ‘बॉस्टॉक विरुद्ध क्लेटन काउंटी’ या नावाने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला. निकाल लिहिला न्यायमूर्ती गॉर्सच यांनी, आणि ते परंपरावादी गटातले. विचारसरणी साधी आहे. पुरुषावर प्रेम करणारी स्त्री नोकरीत राहते आणि पुरुषावर प्रेम करणारा पुरुष जातो, तर फरक कशाचा? लिंगाचा. म्हणजे १९६४ च्या कायद्यातील तो एक शब्द पुरेसा आहे. हॉवर्ड स्मिथ यांनी घातलेला शब्द छप्पन्न वर्षांनी अशा रीतीने कामाला आला. उड्या शिकवणारा शिक्षक २०१४ सालीच वारला होता. मिशिगनची फिर्यादी निकालाच्या महिनाभर आधी गेली. रॉम्नींनी वचन दिले त्या दिवसापासून या दिवसापर्यंत जवळजवळ सव्वीस वर्षे झाली होती, आणि सुमारे निम्म्या राज्यांत तोवर खासगी नोकरदाराला असे संरक्षण नव्हते.

रॉम्नींच्या भूमिकेत एक धागा मात्र शेवटपर्यंत टिकला, आणि तो न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मार्च २००६ मध्ये बॉस्टनच्या कॅथलिक धर्मादाय संस्थेने मुले दत्तक देण्याचे काम बंद केले, कारण राज्याच्या कायद्याप्रमाणे समलिंगी जोडप्यांना नकार देता येत नव्हता आणि चर्चला ते मान्य नव्हते. रॉम्नींनी लगेच धार्मिक संस्थांना सूट देणारे विधेयक मांडले. विधिमंडळाने ते उचलले नाही. पुढे ते युटात राहायला गेले आणि २०१९ पासून तेथील सेनेटर झाले. युटाने २०१५ साली मॉर्मन चर्चच्या संमतीने नोकरी आणि घरभाडे यांपुरता भेदभावबंदीचा कायदा केलेला आहे, धार्मिक संस्थांना सूट ठेवून. २०२२ च्या नोव्हेंबरात समलिंगी विवाहांना देशाच्या कायद्याचे संरक्षण देणारे विधेयक सेनेटमध्ये ६१ विरुद्ध ३६ मतांनी संमत झाले. बाजूने मत देणाऱ्या बारा रिपब्लिकनांत रॉम्नी होते. २००४ साली घटना बदलायला निघालेले हेच गृहस्थ! फरक एवढाच की या विधेयकात धार्मिक संस्थांना सूट देणारे कलम घातलेले होते.

२०२१ साली मात्र ते अडले. त्या वर्षी प्रतिनिधिगृहाने ‘समता विधेयक’ मंजूर करून पाठवले होते. धर्मस्वातंत्र्याचे पुरेसे संरक्षण त्यात नाही, म्हणून आपण पाठिंबा देऊ शकत नाही, असे रॉम्नींच्या वतीने जाहीर झाले. ते विधेयक सेनेटमध्ये अडकले ते कायमचेच. रॉम्नी जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाले. समता विधेयकाचा विस्तार नोकरीपलीकडचा होता : लैंगिक कलावरून कोणाला भाड्याचे घर नाकारू नये, कर्ज नाकारू नये, असे त्यात लिहिलेले होते. हेच दोन विषय १९९४ च्या पत्रात रॉम्नींनी आपण होऊन जोडले होते. घरांच्या आणि कर्जाच्या मध्यवर्ती कायद्यांच्या मजकुरात ते शब्द अजून आलेले नाहीत.